गरिबाची हद्दपारी

इंदूर शहरात १ जानेवारी २०२५ पासून भिकाऱ्याला भीक घालणे हा गुन्हा ठरला. मागण्यास बंदी होतीच. आता देणाऱ्याच्या हातालाही बेडीचा धाक घालण्यात आला. जिल्हा प्रशासनाने नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाखाली मनाईहुकूम काढला आणि त्याच महिन्यात एका देवळासमोर भिकाऱ्याला दहा रुपये देणाऱ्या अज्ञात इसमाविरुद्ध पोलिसांनी गुन्हा नोंदवला. फेब्रुवारीत भोपाळनेही तोच कित्ता गिरवला. ज्या होळकर घराण्यातील अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभारली, त्याच घराण्याच्या नगरीत दानधर्म हा फौजदारी मामला व्हावा, यातला विरोधाभास तेथील मराठी मंडळींच्या ध्यानात आल्यावाचून राहिला नसेल. प्रशासनाचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. भिकाऱ्यांना निवारा देण्याचे, मुलांना शाळेत घालण्याचे कामही त्याच मोहिमेत झाल्याचे सांगितले जाते. परंतु साधन म्हणून जो हुकूम निवडला गेला, त्याची वंशावळ तपासून पाहण्यासारखी आहे.

ती वंशावळ इंग्लंडातल्या १३४९ सालापर्यंत जाऊन पोहोचते. महामारीने त्या देशाची लोकसंख्या इतकी घटली की शेतावर राबायला हात मिळेनात. उरलेले मजूर जास्त मजुरी मागू लागले, अधिक देणाऱ्याच्या शोधात गावोगाव फिरू लागले. तेव्हा तिसऱ्या एडवर्डच्या दरबाराने वटहुकूम काढला: महामारीपूर्वी जी मजुरी होती तीवरच काम केले पाहिजे, काम नाकारता येणार नाही, आणि धडधाकट भिकाऱ्याला जो कोणी भिक्षा घालील त्याला तुरुंगात टाकले जाईल. शेवटच्या कलमाचा हेतू उघड होता. कोणी पोटाला घातले नाही म्हणजे माणूस निमूटपणे जमीनदाराच्या शेतावर परत येईल. पावणेसातशे वर्षांपूर्वीच्या त्या सरंजामी कलमाचे आणि इंदूरच्या मनाईहुकुमाचे शब्द एकमेकांशी किती जुळतात, हे पाहून कोणीही चकित व्हावे.

भटक्या आणि भिकाऱ्यांविषयीचे कायदे दया किंवा शिस्त यांच्या नावाने ओळखले जातात. पण त्यांचा जन्म मजुराला जागच्या जागी खिळवून ठेवण्याच्या गरजेतून झाला आहे, ही गोष्ट आमच्याकडच्या चर्चेत सहसा येत नाही. १५४७ साली तर इंग्लंडच्या पार्लमेंटने रिकाम्या भटक्याच्या छातीवर तापल्या लोखंडाने डाग देऊन त्याला दोन वर्षे गुलाम करण्याचा कायदा केला. तो इतका अघोरी होता की दोन-तीन वर्षांत मागे घ्यावा लागला. १६६२ च्या कायद्याने, जो गरीब आपल्या पॅरिशला ओझे होईल अशी नुसती शंका येईल त्याला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत पाठवण्याची मुभा स्थानिक अंमलदारांना मिळाली. म्हणजे धरून ठेवणे आणि हाकलून देणे ही एकाच धोरणाची दोन टोके. मजूर हवा असेल तेव्हा पहिले वापरायचे, नको असेल तेव्हा दुसरे.

नेपोलियनची युद्धे संपल्यावर घरी परतलेले बेकार सैनिक आणि आयर्लंड-स्कॉटलंडातून आलेले भुकेले लोक लंडनच्या रस्त्यांवर दिसू लागले, तेव्हा १८२४ चा सुप्रसिद्ध व्हेग्रन्सी अॅक्ट आला. त्याने माणसांच्या तीन पायऱ्या केल्या. भीक मागणारा तो आळशी आणि उच्छृंखल, त्याला एक महिना सक्तमजुरी. गोठ्यात, ओसाड घरात किंवा उघड्यावर निजणारा, ज्याला निर्वाहाचे 'दृश्य साधन' नाही आणि जो स्वतःविषयी समाधानकारक खुलासा देऊ शकत नाही, तो बदमाश आणि भटक्या, त्याला तीन महिने. हात पाहून भविष्य सांगणाराही याच पायरीवर. आणि पुन्हा पुन्हा सापडणारा तो न सुधारणारा बदमाश, त्याला वर्षापर्यंत कैद आणि वर फटके. वाचकांनी 'दृश्य साधन' हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. आपण काय केले हे विचारणारा हा कायदा नाही. आपण कसे दिसता हे तो विचारतो. साम्राज्याच्या जहाजांतून हे दोन शब्द जगभर गेले. जिथे जिथे युनियन जॅक फडकला, तिथे तिथे या कायद्याची एकेक आवृत्ती निघाली.

त्यांपैकी मॉरिशसची आवृत्ती कोकणपट्टीतल्या लोकांनी विसरू नये अशी आहे. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर १८३४ पासून त्या बेटावरच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटिये नेण्यास प्रारंभ झाला आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख लोक तेथे उतरले. बहुसंख्य कलकत्त्याच्या बंदरातून गेले. पण मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे आणि आसपासच्या मुलखातले मराठी कुणबी, मराठे, महार बरेच होते. त्यांचे वंशज आजही तेथे गणपती बसवतात, मराठी शाळा आणि मंडळे चालवतात. गिरमिटाची मुदत पाच वर्षांची. एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा मळ्यावरचा शिरस्ता. पाच वर्षे अशी भरल्यावर माणूस कायद्याने मोकळा होई. कोणी भाजीपाला पिकवून विकू लागला, कोणी गाई पाळल्या, कोणी फेरी करू लागला. बागाईतदारांना नेमकी हीच गोष्ट खुपू लागली. मोकळा झालेला मजूर मजुरीचा भाव विचारतो!

म्हणून १८६७ साली, सर हेन्री बार्कली गव्हर्नर असताना, नवा वटहुकूम झाला. ज्याची मुदत भरली आहे अशा प्रत्येक 'जुन्या' हिंदी माणसाने स्वतःचे छायाचित्र चिकटवलेला परवाना सदैव जवळ बाळगायचा आणि कोणाच्या नोकरीत नसेल तर जिल्ह्यापुरता पोलिसांचा पासही घ्यायचा. ज्या काळी आपल्याकडे भल्या भल्या श्रीमंतांनी आपले छायाचित्र पाहिले नव्हते, त्या काळी या गरिबांची छायाचित्रे सक्तीने काढली गेली, आणि त्याचा खर्चही त्यांनीच सोसायचा. परवाना घरी विसरला, पावसात भिजून फाटला, पलीकडच्या जिल्ह्यात बहिणीला भेटायला गेला आणि पास दाखवता आला नाही, की तो व्हेग्रन्ट. पोलीस रस्त्यांवर आणि वस्त्यांतून अक्षरशः शिकार करीत. ग्रां रिव्हिएर येथील भटक्यांच्या डेपोत त्यांना डांबले जाई. सुटकेचा सोपा मार्ग एकच होता: एखाद्या मळेवाल्याकडे पुन्हा गिरमिटावर अंगठा उठवणे. त्याच वर्षी बेटावर हिवतापाची भयंकर साथ पसरली होती आणि माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत होती. तरी परवान्यांची तपासणी चालूच राहिली.

या अन्यायाला वाचा फोडली ती अदोल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका युरोपियनाने. तो स्वतः सासऱ्याच्या मळ्याचा कारभारी होता, हे विशेष. १८७१ साली त्याने जुन्या हिंदी रहिवाशांचा अर्ज लिहून काढला आणि त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या व निशाण्या घेऊन तो गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांच्यापुढे ठेवला. मळेवाल्यांचा संताप अनावर झाला. शेकडोंनी प्रतिअर्जावर सह्या करून एकच मागणी केली, ती म्हणजे प्लेविट्झला बेटावरून हद्दपार करा! गॉर्डनने ती फेटाळली. लंडनहून फ्रियर आणि विल्यमसन या दोघांचे रॉयल कमिशन १८७२ मध्ये आले. त्याचा १८७५ चा अहवाल हा वसाहतकाळातील कामगारांच्या स्थितीवरचा एक अस्सल दस्तऐवज मानला जातो. १८७८ मध्ये कायदा सुधारला गेला. गिरमिटाची पद्धत मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षे जगली. ती बंद करावी असा ठराव १९१२ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात मांडला तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. सरकारी बहुमताने तो पाडला आणि भरती थांबायला १९१७ उजाडावे लागले.

आता याच सरकारचा दुसरा चेहरा पाहावा. १८६० नंतर मुंबई-कलकत्त्याच्या रस्त्यांवर काही गोरे लोक दारूच्या गुत्त्यांसमोर लोळताना आणि नेटिवांपुढे हात पसरताना दिसू लागले. जहाजावरून काढून टाकलेले खलाशी, रेल्वे बांधून झाल्यावर बेकार झालेले कारागीर, पलटणीतून मुक्त झालेले शिपाई आणि ऑस्ट्रेलियातून घोड्यांच्या खेपा घेऊन आलेले मोतद्दार अशी ही मंडळी होती. राज्यकर्त्यांना त्यांची दया आली की नाही कोण जाणे, लाज मात्र निश्चित वाटली. शुद्रातला शूद्र हिंदू गोऱ्याला भीक घालतो आहे, हे दृश्य साम्राज्याला परवडणारे नव्हते. १८६९ मध्ये आणि सुधारून पुन्हा १८७४ मध्ये 'युरोपियन व्हेग्रन्सी अॅक्ट' झाला. युरोपियन वंशाचा माणूस भीक मागताना किंवा निर्वाहाच्या दृश्य साधनाविना भटकताना आढळला तर मॅजिस्ट्रेटने त्याला सरकारी वर्कहाऊसमध्ये पाठवावे, तेथे अन्नवस्त्र मिळावे, नोकरी शोधून द्यावी. नोकरी मिळालीच नाही तर सरकारी खर्चाने जहाजात बसवून परत पाठवावे आणि पाच वर्षे येणार नाही असे लिहून घ्यावे. इतकेच नव्हे, ज्या कंपनीने किंवा घोड्यांच्या व्यापाऱ्याने त्याला या देशात आणले, त्याच्याकडून वर्षाच्या आत तो भटक्या झाल्यास परतीचा खर्च वसूल करण्याची सोय कायद्यात होती.

दोन्ही कायदे जवळजवळ एकाच वर्षांतले. कोकणातला मजूर मॉरिशसला बेकार झाला तर तो गुन्हेगार. ऑस्ट्रेलियाचा मोतद्दार मुंबईत बेकार झाला तर जबाबदारी त्याच्या धन्याची! माणसाला कामासाठी दूर देशी आणणाऱ्याने त्याच्या विपत्तीचा भार उचलावा, हे तत्त्व त्या सरकारला चांगले ठाऊक होते. फक्त ते गोऱ्या कातडीपुरते राखून ठेवलेले होते. गोरा भटक्या गेला, त्याचा कायदाही गेला, आणि ते तत्त्वही त्याच्याबरोबरच बोटीत बसून गेले असे म्हणावे लागते. कारण पुढच्या एकाही भिक्षाप्रतिबंधक कायद्यात मालकाच्या जबाबदारीचा मागमूस सापडत नाही.

आम्ही गोमंतकीय इंग्रजी अमलाबाहेर होतो म्हणून या वारशातून सुटलो, असे कोणी समजू नये. पोर्तुगीजांच्या १८८६ च्या दंडसंहितेत 'व्हादियु'ची व्याख्या होतीच: ठराविक घर नाही, निर्वाहाचे साधन नाही, नेहमीचा धंदा नाही असा माणूस. त्याला कैद आणि नंतर सरकार देईल ते काम. हद्दपारी हे तर पोर्तुगीज राज्याचे फार जुने हत्यार. नको असलेली माणसे ब्राझील, अंगोला, हिंदुस्थान अशी जगभर फेकण्यात त्या राज्याचा हात कोणी धरला नसता. अठराव्या शतकाच्या आरंभी पाचव्या जुआंव राजाच्या अमदानीत पोर्तुगालमधले जिप्सी पकडून वसाहतींत पाठवले गेले, आणि त्या वसाहतींच्या यादीत हिंदुस्थानही होता. ज्यांची बोली मुळात याच देशाच्या मातीतली, त्यांना शिक्षा म्हणून याच देशाकडे धाडण्यात आले! इतिहासाच्या या थट्टेवर हसावे की रडावे? पुढे १९४६ साली तेच हत्यार देशभक्तांवर चालले. डॉ. लोहियांना गोव्याच्या सरहद्दीबाहेर काढून पाच वर्षांची प्रवेशबंदी घालण्यात आली. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे यांना समुद्रापार पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. हद्दपारी म्हणजे काय हे या भूमीला कोणी शब्दकोश काढून समजावण्याची गरज नाही.

ब्रिटिश हिंदुस्थानातील १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याविषयी मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' या आत्मकथनांनी ते काम केव्हाच केले आहे. जन्मानेच गुन्हेगार ठरलेल्या जमाती, पोलीसपाटलाकडची हजेरी, गाव सोडायला पास आणि सोलापूरसारख्या ठिकाणची काटेरी कुंपणाची वसाहत. हे सारे ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत चालले, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षे. बंगालमधली कथा तुलनेने कमी ठाऊक आहे. १९४३ च्या दुष्काळात खेड्यापाड्यांतून भाताच्या पेजेसाठी कलकत्त्यात आलेली माणसे फुटपाथवर मरू लागली. त्याच वर्षी बंगाल सरकारने व्हेग्रन्सी अॅक्ट केला आणि ऑक्टोबरात निराधारांना 'परत पाठवण्याचा' वटहुकूम काढून त्यांना शहरातून उचलण्यास सुरुवात केली. अन्न पुरवता आले नाही; भुकेला नजरेआड करता आला.

स्वतंत्र भारताने हा सारा पसारा अडगळीत फेकला असेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात १९४५ चा मुंबईचा भिकारी कायदा काढून त्याजागी १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा आला आणि तोच पुढे राजधानी दिल्लीलाही लावण्यात आला. त्याची भिक्षेची व्याख्या वाचावी. सार्वजनिक जागी हात पसरणे ती भीक आहेच. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, कसरत करणे किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करणे या 'बहाण्याने' मागणे तीही भीक. भिक्षेसाठी खासगी आवारात शिरणे तीही भीक. आणि निर्वाहाचे दृश्य साधन नसता, भिक्षेवर जगत असावा असे वाटण्याजोग्या अवस्थेत रस्त्यावर हिंडणे किंवा नुसते थांबणे, तीही भीक! १८२४ चे ते दोन शब्द सव्वाशेहून अधिक वर्षांनी जसेच्या तसे हजर. या व्याख्येत पहाटेचा वासुदेव सापडतो, पिंगळा आणि नंदीबैलवाला सापडतो. काटेकोरपणे वाचली तर झोळी घेऊन माधुकरी मागणारा विद्यार्थीही तिच्या तावडीतून सुटत नाही. आणि माधुकरी मागून, वार लावून जेवून शिकलेल्या किती माणसांनी महाराष्ट्राची एक अख्खी पिढी घडवली, हे आम्ही सांगायला नको.

शिक्षा पाहावी तर ती व्याख्येलाही लाजवील अशी. वॉरंटशिवाय अटक, संक्षिप्त चौकशी आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत स्थानबद्धता. वारंवार सापडला तर दहा वर्षांपर्यंत. त्याच्यावर सर्वस्वी अवलंबून असलेल्या माणसांनाही कोंडण्याचा अधिकार न्यायालयाला. भुकेबद्दल दहा वर्षे! चोरी केली असती तर साधारण तीन वर्षांपर्यंतची कैद झाली असती. म्हणजे या कायद्याच्या हिशेबी, पोट भरण्यासाठी चोरी करणे हे मागून खाण्यापेक्षा शहाणपणाचे.

दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी या कायद्यातील बहुतेक कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. हर्ष मंदर आणि कर्णिका साहनी यांच्या याचिकांवर न्या. गीता मित्तल व न्या. हरिशंकर यांनी दिलेल्या त्या निकालाचा गाभा असा, की अन्न, निवारा आणि आरोग्य ही ज्या राज्याची जबाबदारी, त्यानेच आपल्या अपयशाची शिक्षा त्या अपयशाच्या बळीला देऊ नये. पुढच्या वर्षी जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने तेथील १९६० चा कायदा रद्द केला. आणि जुलै २०२१ मध्ये, कोरोनाच्या काळात भिकाऱ्यांना रस्त्यांवरून हटवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्या. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने, वरच्या वर्गाच्या नजरेतून या प्रश्नाकडे आम्ही पाहणार नाही, असे स्पष्ट बजावले. बाहेरच्या जगातही वारे बदलले आहेत. मलावीच्या उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, प्लास्टिकच्या पिशव्या विकणाऱ्या एका फेरीवाल्याच्या दाव्यात, तेथील 'बदमाश आणि भटक्या' कलम रद्दबातल केले. डिसेंबर २०२० मध्ये आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयाने असे सर्व कायदे आफ्रिकेच्या सनदेविरुद्ध असल्याचे मत दिले. खुद्द ब्रिटनच्या पार्लमेंटने २०२२ मध्ये १८२४ चा कायदा रद्द करण्याची तरतूद केली. अंमल रेंगाळला, आणि जून २०२५ मध्ये तेथील सरकारला तो २०२६ च्या वसंतापर्यंत मोडीत काढण्याची पुन्हा घोषणा करावी लागली. ज्यांनी हे भूत जगावर सोडले ते त्याची उत्तरक्रिया करायला निघाले असताना आपण त्याला नैवेद्य दाखवीत राहावे काय?

आता आमच्या दाराशी येऊ. गोवा, दमण व दीव भिक्षा प्रतिबंध कायदा १९७२ चा. मुक्तीला अवघी अकरा वर्षे झाली असताना, पोर्तुगीजांच्या 'व्हादियु'चा निरोप घेऊन आपण मुंबईच्या मळलेल्या वाटेला लागलो. त्यात भर म्हणून २०२५ साली विधानसभेने पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा कायदा दुरुस्त केला आणि किनाऱ्यावरच्या 'उपद्रवां'ची यादी लांबवली. उघड्यावर बाटल्या फोडणे, कचरा टाकणे, विनापरवाना फेरी करणे, गिऱ्हाईकामागे लागणे यांच्याच रांगेत भीक मागणेही आले. दंड पाच हजारांपासून एक लाखापर्यंत. बाटल्या फोडणाऱ्या मद्यधुंद पाहुण्याला पाच हजारांचा दंड समजू शकतो. परंतु ज्याच्याजवळ पाच हजार रुपये आहेत, तो दोन रुपयांसाठी उन्हात हात पसरून कशाला बसला असता, हा प्रश्न सभागृहात कोणाच्या मनात आलाच नाही काय?

हंगामाची चाहूल लागली की किनारे आणि तीर्थक्षेत्रे 'स्वच्छ' करण्याची भाषा सुरू होते. स्वच्छतेच्या या कल्पनेत प्लास्टिक आणि माणूस एकाच टोपलीत पडतात. उचलले जाणारे बहुतेक 'बाहेरचे' असतात, म्हणून आम्हाला त्याचे फारसे दुःख नसते, हे कटू असले तरी बोललेच पाहिजे. पण हे बाहेरचे येथे कसे आले? गोव्यातली घरे, पूल, हॉटेले ज्यांनी बांधली ते घाटापलीकडून आणि त्याहूनही दूरवरून आलेले मजूर. ट्रॉलरवर राबणारे खलाशी परप्रांतांतले. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पावसात बांधकामे मंदावतात. त्या दोन महिन्यांत या माणसांचे 'दृश्य साधन' कोणते? परातीवरून पडून पाय मोडलेला गवंडी ठेकेदाराने सोडून दिला, तर तो पुढच्या पंधरवड्यात देवळाच्या पायरीवर दिसतो. किनाऱ्यावर मण्यांच्या माळा विकणाऱ्या लमाणी बायका दिसतात. ज्या भटक्या समाजांवर एकेकाळी जन्मजात गुन्हेगारीचे शिक्के मारले गेले, त्यांत लमाणीही होते. मुंबईच्या कायद्यातला 'वस्तू पुढे करण्याचा बहाणा' त्यांच्यासाठीच लिहिलेला वाटावा. आणि 'बाहेरचा' या शब्दाविषयी गोमंतकीयाने तरी जपून बोलावे. पोर्तुगीज अमलात पोटासाठी मुंबई गाठलेला आमचा माणूस गिरगावच्या चाळीत नातेवाइकाच्या खोलीत किंवा गावकऱ्यांनी चालवलेल्या कुडात महिनोन् महिने कामाची वाट पाहत पडून राहत असे. त्याच्याजवळ तरी कोणते दृश्य साधन होते? गावच्या माणसाने दिलेली पथारी, एवढेच.

भिकेमागे टोळ्या असतात, मुले पळवून त्यांना लुळेपांगळे करून बसवतात, त्याचे काय, असा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर कायद्यात केव्हापासून आहे. भीक मागवण्यासाठी मूल पळवणे किंवा पंगू करणे हा १९५९ पासून दंडसंहितेत स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा होता. न्याय संहितेच्या १३९ व्या कलमात तो आजही आहे. मुलाला भिकेला लावणाऱ्यासाठी २०१५ च्या बालन्याय कायद्यात वेगळी शिक्षा आहे. दिल्लीच्या निकालानेही सक्तीने भीक मागवणाऱ्यांविरुद्ध नीट अभ्यास करून कायदा करण्याची वाट राज्याला मोकळी ठेवली आहे. टोळीचा म्होरक्या पकडायला तपास लागतो, कष्ट लागतात. भिकारी पकडायला एक गाडी पुरते. मोहिमांचे आकडे कुठून येतात हे त्यावरून ध्यानात यावे.

२०११ च्या जनगणनेत देशभरातील भिकारी व भटक्यांची संख्या ४,१३,६७० भरली होती. सव्वाशे कोटींच्या जवळ पोहोचलेल्या देशाला एवढी माणसे पेलवू नयेत असे नाही. त्यांच्यासाठी २०२२ मध्ये केंद्राने 'स्माइल' नावाची योजना सुरू केली आहे आणि तिच्यात निवारा, उपचार, धंदेशिक्षण यांची तरतूद आहे. अडचण अशी, की ज्या दारावर योजनेची पाटी तिथेच पकडणाऱ्या शिपायाचा पहारा असेल, तर कोणता निराधार आपण होऊन त्या दाराशी जाईल?

गोव्याच्या विधानसभेने १९७२ चा कायदा रद्द करावा आणि पर्यटनस्थळांच्या कायद्यातील उपद्रवांच्या यादीतून भिकेचा उल्लेख काढावा, ही आमची पहिली मागणी आहे. दुसरी थोडी अधिक खर्चाची आहे. बांधकाम, ट्रॉलर आणि हॉटेलांवर बाहेरून मजूर आणणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराने तो मजूर जायबंदी किंवा बेकार झाल्यास त्याच्या उपचाराचा, निवाऱ्याचा आणि त्याला हवे असल्यास घरी जाण्याचा खर्च सोसावा, अशी स्पष्ट तरतूद राज्याने करावी. घोड्यांच्या व्यापाऱ्यावर ती दीडशे वर्षांपूर्वी लादता आली होती. सरकारने विधेयक आणले नाही तर खासगी विधेयकाचा मार्ग प्रत्येक आमदाराला खुला आहे. चाळीसांपैकी एकाने तरी पुढच्या अधिवेशनात तो वापरावा.